मुलांच्या रोज्यांची मोजणी बंद करायला हवी का?

शाबानची सकाळ (धागा सुरू करणारी):
रमजान जवळ आला की आमच्या घरात मुलांची तयारी म्हणजे भिंतीवरचा तक्ता. तीस चौकोन, रोजा झाला की एक तारा. ईदच्या आदल्या रात्री तारे मोजायचे आणि त्या हिशोबाने बक्षीस. दोन वर्षं मी हौसेने केलं. यंदा तक्ता लावणार नाही.

गेल्या रमजानमध्ये मुलगा आठ वर्षांचा होता. नवव्या रोज्याला दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून नळाचा बारीक आवाज आला. जाऊन बघते तर तो दोन्ही हातांच्या ओंजळीने पाणी पीत होता. मला पाहताच बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "वुजू करत होतो, अम्मी." वुजू म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं. मी काही बोलले नाही. संध्याकाळी इफ्तार झाल्यावर तो आपणहून उठला आणि तारा चिकटवून आला.

पाणी प्यायल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. वयात येईपर्यंत रोजा फर्ज, म्हणजे सक्तीचा, नसतोच. पण तो तारा चिकटवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बुखारी या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला गरज नाही. आणि मी तर त्याच्या हातात तारा देऊन खोटं बोलायची वाट दाखवली होती.

म्हणून म्हणते, आकडा घरातून काढून टाका. तयारी करायचीच तर सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठायची, नमाजची, जीभ सांभाळायची, आपल्यातलं दुसऱ्याला द्यायची करा. रोजे किती झाले हे मुलाला विचारूच नका.

दोन मुलींची अम्मी:
ताई, तुमचं दुःख समजलं, पण निष्कर्ष पटला नाही. मी नेमकं तुम्ही म्हणता तसंच थोरलीच्या बाबतीत केलं होतं. लहान आहे, राहू दे, म्हणत राहिले. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि एका दिवसात सगळे रोजे फर्ज झाले. आदल्या वर्षी शून्य, त्या वर्षी सगळेच. तिसऱ्या दिवशी असरच्या (दुपार उतरतानाच्या) नमाजनंतर ती जानमाजवरच (नमाजच्या चटईवरच) आडवी झाली आणि रडायला लागली, "तू मला आधी का नाही शिकवलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धाकटीला सातव्या वर्षापासून वाढवत नेलं. आधी सकाळचा नाश्ता उशिरा, मग दुपारपर्यंत, मग आठवड्यातून एक पूर्ण. ती आता दहाची आहे. आकडा नसता तर आपण किती पुढे आलो हे तिला कळलं कसं असतं?

आणि पैगंबरांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज यांची हदीस विसरू नका. आशुऱ्याच्या (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला त्या बायका आपल्या मुलांनाही रोजा ठेवायला लावायच्या. मूल जेवणासाठी रडलं की लोकरीचं खेळणं हातात द्यायच्या, इफ्तारपर्यंत. बुखारी आणि मुस्लिम, हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे.

शाबानची सकाळ:
ती हदीस माझ्याच बाजूची आहे असं मला वाटतं. एक तर तो एका दिवसाचा रोजा. दुसरं म्हणजे खेळणं कधी दिलं ते बघा. भूक लागलेली असताना, जीव रमावा म्हणून. रोजा पुरा झाल्यावर बक्षीस म्हणून नाही.

दोन मुलींची अम्मी:
पण मूल रडलं म्हणून जेवण दिलं नाही, हेही त्याच हदीसमध्ये आहे. सोयीचा अर्धा भाग घेऊ नका.

मुलांचा डॉक्टर:
मध्ये बोलतो, कारण यात शरीराचा भाग कुणी काढला नाही. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मोठ्या माणसापेक्षा कमी असतो, म्हणून उपाशीपोटी त्याची साखर लवकर उतरते. डोकं दुखणं, चक्कर, हात थरथरणं, लघवी गडद होणं किंवा बराच वेळ न होणं, यातलं काहीही दिसलं की रोजा तिथेच सोडवायचा. "आता दोनच तास राहिलेत" असं म्हणायचं नाही.

"सातव्या वर्षापासून" हा सरसकट नियम करू नका. सात वर्षांचा उल्लेख हदीसमध्ये नमाजसाठी आहे, काही आलिमांनी (धर्मपंडितांनी) तो रोज्याला लावला, तोही झेपत असेल तर. शिवाय कुठला रोजा? विषुववृत्ताजवळ तो वर्षभर साधारण 13-14 तासांचा असतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात 18 तासांवर जातो. चांद्र वर्ष 10-11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. थोरल्याने आठव्या वर्षी केलं म्हणून धाकट्यालाही जमेल, हे गणित म्हणूनच चुकतं. ऋतूच वेगळा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा त्रास बहुतेक वेळा भुकेचा नसतो, झोपेचा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) जागायचं, सहरीला उठायचं आणि सकाळी शाळा, हे बसत नाही. शाबानच्या (रमजानआधीच्या महिन्याच्या) मधल्या आठवड्यापासून झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणा. दुपारच्या डुलकीला जागा ठेवा. सहरी चुकली तर मुलाने त्या दिवशी रोजा ठेवायचाच नाही. आणि इन्शुलिन घेणाऱ्या मुलाचा निर्णय घरात बसून घेऊ नका.

वर्गशिक्षिका:
डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं. माझ्या वर्गात इन्शुलिन घेणारी एक मुलगी होती. रमजानमध्ये मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन एकटी जिन्याखाली बसायची. विचारलं तर म्हणाली, "सगळे विचारतात, तुझे किती झाले?" कुराणात (सूरह बकरा, 184-185) आजारी माणसाला सूट आहे आणि लगेच पुढे म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं व्हावं असं वाटतं, अवघड नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या भावाच्या तक्त्याशेजारी तिचा तक्ता नुसता कोरा.

म्हणून मी धागाकर्तीच्या बाजूने. फक्त एक भर घालते. तुम्ही घरात मोजलं नाहीत तरी शाळेत मुलं मोजणारच. "तुझे किती?" याला काय उत्तर द्यायचं ते मुलाला आधीच शिकवून पाठवा.

तीन मुलांचा अब्बा:
मला दोन्ही बाजूंचं अर्धं पटतं. बक्षीस वाईट, असं मी म्हणणार नाही. सवाबाच्या (पुण्याच्या) आशेने तर मोठी माणसंही इबादत करतात. चूक बक्षिसात नाही, ते कशाला देतो त्यात आहे.

आमच्याकडे तक्ता आहे. पण रोजा मोडला आणि मुलाने येऊन सांगितलं, तरी तारा मिळतो. पहिल्या आठवड्यात धाकटा दिवसाला तीनदा येऊन सांगायचा. मग कमी झालं. रमजानच्या आधी आम्ही त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो : विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा मोडत नाही, हदीसमध्ये आहे की त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं. हे माहीत नसल्यामुळे मधल्याने एकदा खजुराचा एक घास खाऊन दुपारभर हुंदके दिले होते. हे शाबानमध्येच सांगायला हवं होतं, आमची चूक.

आणि फितरा, म्हणजे ईदआधी गरिबांना द्यायचं दान, लहान मुलांच्या वतीनेही द्यायचा असतो. म्हणून तो मुलांनाच मोजायला लावतो. एक साअ (धान्याचं जुनं माप) म्हणजे चार मुद्द, मुद्द म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ. मुलं माझे हात धरून धान्यात बुडवतात आणि मोठ्याने मोजतात, एक, दोन, तीन, चार. ही मोजणी मात्र त्यांनी जरूर करावी.

शाबानची सकाळ:
खरं सांगणाऱ्याला तारा, हे मला सुचलं नव्हतं. तरी मी यंदा एक वर्ष तक्त्याशिवाय काढणार आहे. माझ्या मुलाच्या मनातून तो आकडा आधी पुसला जायला हवा. त्या नळाबद्दलही त्याच्याशी बोलायचंय. इतके महिने बोलले नाही, ते बरोबर नव्हतं.

दोन मुलींची अम्मी:
माझा तक्ता राहणार. शून्यातून एकदम सगळ्या रोज्यांवर मी कुठल्याच मुलीला ढकलणार नाही. पण खरं सांगणाऱ्याला तारा, हे आत्ताच धाकटीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "अम्मी, मागच्या वर्षीचं आता सांगितलं तर चालेल?"