रसायनांना कार्बन लागणारच. मग तो कुठला आणि कशासाठी?

पृथक्करण

'कार्बनमुक्त' हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. विजेच्या बाबतीत तो बरोबर आहे, कारण विजेत कार्बन नसतोच. कोळसा जाळणं हा ती मिळवायचा एक मार्ग, तो सोडता येतो. पण हाच शब्द रसायन उद्योगाला लावला की मला हसू येतं. पॉलिथिनमधून कार्बन काढून दाखवा! वजनाच्या ८६ टक्के तोच आहे, उरलेला हायड्रोजन. रंग, गोंद, औषधाच्या गोळ्या, कृत्रिम धागे, कपड्यांचा साबण, सगळ्यांचा सांगाडा कार्बनचाच.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली पेट्रोकेमिकल्सवर एक अहवाल काढला होता. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: हा उद्योग जेवढी ऊर्जा ओढतो, तिच्यातली जवळजवळ निम्मी जाळलीच जात नाही. ती कच्चा माल म्हणून मालातच जाऊन बसते. म्हणजे उद्या सगळ्या भट्ट्या विजेवर आणल्या तरी तेवढा प्रश्न जागच्या जागी राहतो.

जमिनीखालचा कार्बन नको असेल तर तीनच दारं उरतात: वनस्पती, धुराड्यातला किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड, आणि आधीच बनवून ठेवलेलं प्लॅस्टिक. तिन्ही हवीत, यावर वाद नाही. माझं भांडण वेगळंच आहे. वनस्पती आपण चुकीच्या कामाला जुंपतोय.

हिशेब बघा. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबवलं की जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं, ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्या इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन (ज्याच्यापासून पॉलिथिन होतं तो वायू) केलं की हातात उरतात ५६ ग्रॅम. १८० चे ५६, तेही एक थेंब न सांडता. त्याच १८० ग्रॅमचं लॅक्टिक आम्ल केलं तर? १८०. पुरेपूर.

कारण साधं आहे. साखरेच्या वजनात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन आहे. इथिलीन करायचं म्हणजे तो उपटून फेकायला पैसे मोजायचे. आणि तेलवाले काय करतात? हायड्रोकार्बनमध्ये ऑक्सिजन घुसवायला पैसे मोजतात! इथिलीन ऑक्साइड, टेरेफ्थॅलिक आम्ल, ॲक्रिलिक आम्ल, सगळी तीच कसरत.

म्हणून माझं म्हणणं: ज्या रेणूंना ऑक्सिजन हवाच आहे ते वनस्पतींकडून घ्या. लॅक्टिक आम्ल, सक्सिनिक आम्ल, फरफ्युरल, ग्लायकॉल. इथिलीन-प्रोपिलीन जुन्या प्लॅस्टिकमधून आणि कार्बन डायऑक्साइडमधून काढा. 'तेच रसायन, फक्त हिरवं' हा आळशीपणा आहे. आणि यात नवल काही नाही. क्वेकर ओट्स कंपनी १९२२ पासून ओटच्या टरफलांचं फरफ्युरल करत होती.

खडूस_बॉयलर

धागा आवडला, मत पटलं नाही.

पंधरा वर्षं क्रॅकरवर, म्हणजे मोठे रेणू उष्णतेने तोडणाऱ्या भट्टीवर, काढली आहेत. नाफ्था (कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव) वाफेबरोबर साधारण ८५० अंशांच्या नळ्यांतून जातो, सेकंदभराच्या आत बाहेर पडतो, लगेच थंड करायचा. इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीन, सगळं त्यातूनच. उरलेला गॅस भट्टीलाच. आणि मुख्य म्हणजे या महिन्याचा नाफ्था गेल्या महिन्यासारखाच असतो. पंप दाबला की येतो.

आता दुसरं चित्र. एका ठिकाणी मक्याच्या बुरकुंडांपासून फरफ्युरल काढायच्या चाचणीला मला पाठवलं होतं. कागदावर सगळं सुरेख होतं. पाऊस पडून गेल्यावर ढिगाऱ्यात कांब खुपसली, तर आतून वाफ आली. मधली बुरकुंडं काळी पडलेली, हाताने चुरगळली जात होती. वरची ओली, खालची कुजकी, कडेची कोरडी. एकाच ढिगात तीन कच्चे माल! आमची निम्मी वाफ नुसती पाणी उडवण्यात गेली.

आणि नवीन रेणू विकायचा कुणाला? नवं पॉलिमर आलं की साचा नवा, तापमान नवं, गिऱ्हाइकाच्या चाचण्या नव्या. इथिलीन आहे त्याच पाइपात जातं, खालच्या माणसाला काही बदलावं लागत नाही. तुम्ही आळशीपणा म्हणता, मी शहाणपणा म्हणतो.

तुमच्या लाडक्या सक्सिनिक आम्लाचं काय झालं तेही लिहायचं होतं. बायोअँबरने कॅनडात सार्नियाला साखरेपासून ते करायचा मोठा कारखाना टाकला. २०१४ च्या मध्यात तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत. उलट ब्राझीलमध्ये ब्रास्केमचा उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन करणारा कारखाना २०१० पासून चालू आहे, वर्षाला दोन लाख टनांच्या क्षमतेने सुरू झाला होता. १८० चे ५६ वाला! आता बोला.

पृथक्करण

घाव वर्मी बसला, मान्य. पण बायोअँबरला पाडलं तेलाच्या भावाने, रसायनशास्त्राने नाही.

खडूस_बॉयलर

कर्ज देणारी बँक रसायनशास्त्र बघत नाही हो.

हिशेबनीस

दोघांच्याही उत्साहावर पाणी ओततो.

जगात वर्षाला १५ कोटी टनांहून जास्त इथिलीन बनतं. आपण १५ च धरू. वरच्या हिशेबाने टनाला ३.२ टन साखर, म्हणजे ४८ कोटी टन. जगातलं साखरेचं सगळं वार्षिक उत्पादन १८ कोटी टनांच्या आसपास आहे. बॉयलरसाहेबांचा ब्राझीलचा कारखाना चालतो, कारण तो एकच आहे.

आता धागाकर्त्यांचं दुसरं दार. कार्बन डायऑक्साइडपासून एक टन इथिलीन करायचं, तर मिथेनॉलमार्गे गेलात तरी किमान ४३० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट वीज. म्हणजे टनामागे साडेएकवीस हजार युनिट, तीही काहीच वाया गेलं नाही असं मानून. १५ कोटी टनांना गुणा. जगात आज तयार होणाऱ्या एकूण विजेचा दहावा हिस्सा. एका इथिलीनसाठी. त्यात प्रोपिलीन नाही, बेंझीन नाही, अमोनिया नाही.

आइसलँडमध्ये २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइडचं मिथेनॉल करायला सुरुवात झाली, हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं म्हणून आधीच सांगून टाकतो: क्षमता वर्षाला ४,००० टन, शेजारी भूगर्भातल्या उष्णतेवरचं वीजकेंद्र. तसं शेजारपाजार सगळ्यांना कुठलं?

पृथक्करण

आकडे बरोबर आहेत आणि ते माझ्याच बाजूने बोलतात. साखर इतकी तोकडी आहे म्हणूनच ती ५६ वर उधळू नका, असं मी म्हणतोय.

आणि ते १५ कोटी टन काय काळ्या दगडावरची रेघ आहेत? निम्म्याहून जास्त इथिलीन पॉलिथिनमध्ये जातं, आणि त्यातलं कितीतरी एकदा फाडून फेकायच्या वेष्टनांत. आधी ते कमी करा, मग गुणाकार करा.

आणखी एक. आंबवताना उडून जाणारा तो ८८ ग्रॅम वायू जवळजवळ शुद्ध असतो. धुराड्यातल्या वायूसारखा नायट्रोजनमधून वेचून काढावा लागत नाही. मिथेनॉल करायचंच तर पहिलं तिथून करा.

उलटा_प्रश्न

एक भाबडा प्रश्न. प्लॅस्टिक शेकडो वर्षं कुजत नाही अशी आपण बोंब मारतो. मग तेलाचं प्लॅस्टिक करून नीट पुरलं तर कार्बन परत जमिनीतच गेला ना? वातावरणाला त्रास जाळलेल्या तेलाचा. गाड्या आणि वीज बदला, रसायनवाल्यांना नाफ्था वापरू द्या. पेट्रोल कमी खपलं की नाफ्था स्वस्तच होईल.

खडूस_बॉयलर

शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. नाफ्था हा पेट्रोलचाच भाऊबंद, एकाच पिंपातून निघतात. पर्यायी कच्च्या मालाला खरी स्पर्धा त्या पडून राहिलेल्या नाफ्थाशी करावी लागणार आहे. हे कोणी बोलत नाही.

पृथक्करण

@उलटा_प्रश्न, भाबडा नाही, चांगला अवघड प्रश्न आहे. पण पुरण्याची गोष्ट पिशवी-बाटलीपुरती झाली. साबण, शाम्पू, रंगातलं द्रावक, युरिया यांना कोण पुरणार? युरियातला कार्बन शेतात पडल्यावर थोड्या दिवसांत कार्बन डायऑक्साइड होऊन वर जातो. द्रावक उडूनच जातं. डिटर्जंट सांडपाण्यात जिवाणू खातात, आणि खावेत म्हणूनच तर ते तसं घडवलेलं असतं. शिवाय प्लॅस्टिकही बरंचसं भट्टीत जातंच. तेल उपसताना गळणारा मिथेन तर अजून मोजलाच नाही.

त्रयस्थ

मूळ विषयाला धरूनच, पण जरा कडेचं. बाटलीवर 'नवीकरणीय कच्चा माल' असं लिहिलेलं असतं. त्यात खरंच वनस्पतीचा कार्बन आहे का, हे तपासता येतं. ताज्या वनस्पतीत कार्बन-१४ असतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या तेलात तो शिल्लकच नसतो. नमुना मोजा, नवा-जुना वेगळा.

पण कितीतरी मालावरचं प्रमाणपत्र या मोजणीवर नसतं, वस्तुमान-ताळेबंदावर असतं. म्हणजे ९० टन नाफ्थामध्ये १० टन वनस्पती तेलाचा माल ओतायचा, सगळं एकत्र भाजायचं आणि कागदावर ठरावीक ग्राहकाला 'तुझा माल शंभर टक्के हिरवा' असं लिहून द्यायचं. त्या ग्राहकाच्या बाटलीत कार्बन-१४ नावालाच सापडेल. याला काय म्हणायचं?

खडूस_बॉयलर

हिरव्या विजेचं बिल भरता तेव्हा तुमच्या तारेत पवनचक्कीचीच वीज येते का? तसंच आहे. वेगळा क्रॅकर बांधायला सांगाल तर कोणी सुरुवातच करणार नाही.

पृथक्करण

तुलना अर्धीच लागू पडते. वीज एकच वस्तू आहे. क्रॅकरमधून दहा वस्तू निघतात आणि एक हिस्सा गॅस म्हणून भट्टीत जळतो. त्या जळालेल्या हिश्श्याचं श्रेयसुद्धा बाटलीला चिकटवायचं का, खरा वाद तिथे आहे. माझ्या मते चिकटवू नये.

बुरशीवाली

इतका वेळ नुसती वाचत होते. मी आंबवण्याच्या बाजूची, त्यामुळे धागाकर्त्यांची बाजू घ्यायला हवी. घेतेही, पण ते 'पुरेपूर' वाचून राहवलं नाही.

लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू स्वतःच्याच आम्लात गुदमरतात. म्हणून सतत चुना टाकावा लागतो. शेवटी कॅल्शियम लॅक्टेट हाती येतं, त्यातून आम्ल सोडवायला गंधकाम्ल. हिशेब करून बघा: टनभर आम्लामागे जवळजवळ टनभर जिप्सम. कारखान्यामागे पांढरा डोंगर उभा राहतो, आणि तो कुठे न्यायचा हे ठरवण्यात आमच्या बैठका जात. आम्लात तग धरणारं यीस्ट आल्यापासून हे बरंच कमी करता येतं, पण ते यीस्ट ज्याच्याकडे आहे त्याला.

आणि फर्मेंटरमधला, म्हणजे आंबवायच्या टाकीतला, ऐवज म्हणजे बहुतेक पाणीच. नाफ्थाच्या टाकीत नाफ्थाच असतो, आमच्या टाकीत दहापट पाण्यात माल शोधायचा.

एक रात्र सांगते. आम्ल वाढलं की चुन्याचा पंप आपोआप चालतो, टक-टक-टक. त्या आवाजाची इतकी सवय होते की तो ऐकूच येत नाही. पहाटे अडीचला मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं झालं. पंप थांबला होता. साखर भरपूर शिल्लक, तापमान बरोबर, पण आम्ल बनायचंच थांबलं होतं. सकाळपर्यंत टाकीतला गढूळपणा निवळत चालला. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, छान स्वच्छ झालं! जिवाणूंना विषाणू लागला होता, एकेक पेशी फुटून विरघळत होती. एक लाख लिटर उकळून गटारात.

क्रॅकरला विषाणू लागत नाही, एवढं बॉयलरदादांना द्यावंच लागेल.

खडूस_बॉयलर

दिलंत तेवढं पुरे. आमच्याकडे नळ्यांत कोक (कार्बनचा कडक थर) साचतो, पण तो जाळून काढता येतो. जुन्या प्लॅस्टिकचं तेल घ्यायला लागल्यापासून मात्र आम्हालाही आजारपण कळायला लागलंय. त्यात थोडं जरी पीव्हीसी आलं असेल तर क्लोरीन नळ्या खातं. धागाकर्त्यांचं तिसरं दार वाटतं तितकं उघडं नाही.

बाकी एरंडेल तेलापासून नायलॉन-११ होतं आणि गेली सत्तर वर्षं विकलं जातंय, हा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. मीच देतो, धाग्याचं एरंडाचं गुऱ्हाळ व्हायच्या आत. ते टिकलं कारण ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांना हवे ते गुण त्याच्यात आहेत. हिरवं म्हणून कोणी घेतलं नाही.

पृथक्करण

हेच तर मला म्हणायचं होतं! तेलात जे सहज होत नाही ते वनस्पतीकडून घ्या. एरंडाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आयताच बसलेला आहे, म्हणून तो नेमक्या जागी तुटतो आणि अकरा कार्बनची साखळी हातात येते. बॉयलरसाहेब, तुम्ही माझ्या बाजूला आलात.

खडूस_बॉयलर

एका नायलॉनपुरता. इथिलीनवर मी आहे तिथेच आहे.

बुरशीवाली

आणि पृथक्करण, तुमचे ते १८० चे १८० कागदावरचे. काही साखर जिवाणूंची अंगं वाढण्यातच जाते. आमच्याकडे चांगल्या बॅचला १६२ येत होते.

पृथक्करण

१६२ घेतो. ५६ पण कागदावरचेच आहेत.