यवतेश्वर उतरताना मागच्या चाकात 'कट-कट', चेन किट टाकू का?

घाटवेडा_११
राम राम मंडळी. गाडी १६० सीसी, मागं ड्रम ब्रेक, २७,००० किमी झालेत, चेन कंपनीचीच आहे. कासवरून साताऱ्याकडं यवतेश्वरचा घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रेस सोडली की मागून 'कट', परत दिली की 'कट'. चढताना एकदम गप्प. हायवेला पन्नास-साठच्या स्पीडला काही ऐकू येत नाही. गेल्या हजार किलोमीटरमध्ये चेन दोनदा ओढली, चार दिवसांत परत लोंबते. गॅरेजवाला म्हणतो, डोळे झाकून किट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं) टाका, २,२०० होतील. डोळे झाकायच्या आधी इथं विचारतोय.

मेंटेनन्सला कमी नाही बरं का. दर रविवारी पेट्रोल आणि तारेचा ब्रश मारून चेन चकाचक, वरून इंजिनमधनं काढलेलं जुनं ऑइल.

आणि एक, पावसाळ्यासाठी आत लायनर असलेलं जॅकेट घ्यावं की वरून घालायचा रेनकोट?

चेनकाका
मेंटेनन्स कमी नाही, जास्तच झालाय लेका. पेट्रोल, तारेचा ब्रश आणि जळकं ऑइल, तिन्ही चुका एकाच रविवारी!

चेनच्या पट्ट्यांच्या मधे बारीक काळ्या रबरी रिंगा दिसतात का बघ. दिसल्या तर ती ओ-रिंग चेन. पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि ते आत धरून ठेवायचं काम त्या रिंगांचं. पेट्रोलनं रिंगा फुगतात, मग तडकतात. तारेचा ब्रश त्या कापतो. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस धुऊन जातं आणि कासच्या सड्यावरची जांभ्याची लाल रेती आत शिरते. राहिलं जळकं ऑइल, त्यात क्लच प्लेट आणि गिअरची झीज असतेच, म्हणजे पॉलिश पेपरच चोळतोयस.

'चेन ताणली' म्हणतात खरं, पण लोखंड ताणत नाही. प्रत्येक पिन-बुश थोडं थोडं झिजतं आणि शंभरावर जोडांची झीज मिळून चेन लांब होते. सगळे जोड सारखे झिजत नाहीत, म्हणून एका जागी घट्ट आणि एका जागी ढिली लागते. आधी मोजून ये:

गाडी डबल स्टँडला, न्यूट्रल. चेनच्या खालच्या पट्ट्याच्या (दोन स्प्रॉकेटांमधल्या खालच्या भागाच्या) मध्यावर मोजपट्टी धरून चेन बोटानं वर-खाली कर, एकूण किती हलते ते लिही. चाक थोडं फिरव, परत मोज. निदान सहा जागी. मग मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागं ओढ. अर्ध्याच्या वर दात उघडा दिसला तर चेन संपली.

वर्निअर किंवा चांगली स्टीलची पट्टी असेल तर अजून एक. चेनवर ४२८ छापलं असेल तर एका जोडाचं अंतर १२.७ मिमी. २० जोड ताणून धरून पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोज. नवीन चेन २५४ मिमी भरते. २५६ च्या पुढं गेलं की मी तरी ठेवत नाही. नक्की हद्द मॅन्युअलात असते.

मिरज_एक्सप्रेस_१०
काकांचं सगळं बरोबर, पण अकरावाल्यांना (एमएच-११, सातारकरांना) फक्त चेनच दिसते. आवाज उतरतानाच का येतो, हे कुणी विचारलंच नाही.

रेस देताना इंजिन चाकाला ओढतं, तेव्हा चेनचा वरचा पट्टा ताठ आणि खालचा ढिला. उतारावर रेस सोडली की उलटं, चाक इंजिनला फिरवतं आणि खालचा पट्टा ताठ होतो. ही अदलाबदल होताना धक्का बसतो आणि तो गिळायला हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, रबर असतात. हब रबर नाहीतर डँपर रबर म्हणून माग, कुठलाही पार्टवाला देतो. रबर दबलं की स्प्रॉकेटचा होल्डर हबच्या ॲल्युमिनियमवर थेट आपटतो. तोच तुझा 'कट'. चढताना रेस चालूच असते, उलटापालट नाही, म्हणून गप्प.

तपासायला पाना लागत नाही. डबल स्टँडला चाक एका हातानं घट्ट धर, दुसऱ्या हातानं मागचं स्प्रॉकेट पुढं-मागं हलव. रबर चांगलं असेल तर जेमतेम हलतं आणि दाबल्यासारखं लागतं. सैल 'टक-टक' करत हललं तर रबर गेलं. स्प्रॉकेट आत-बाहेर डुगडुगत असेल तर होल्डरचं बेअरिंगपण बघ.

चाक काढलंस तर ॲक्सलवरचे दोन्ही बाजूंचे बुश कुठल्या बाजूला कुठला होता, मोबाइलवर फोटो काढून ठेव. अदलाबदल झाली की चाक तिरकं बसतं आणि मग नवीन किटलाही शिव्या बसतात.

सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबायचा जुगाड कुणी सांगेल. घरी पोचण्यापुरता ठीक. आठवड्यात त्याचा चोथा होतो.

घाटवेडा_११
मोजून आलो. सगळ्यात घट्ट जागी १८ मिमी, सगळ्यात ढिल्या जागी ४१. स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर २० ते ३० लिहिलंय. पाऊण दात उघडा दिसतो. पुढच्या स्प्रॉकेटचे दात कोयत्यासारखे वाकलेत. चाकपण काढलं, चारपैकी दोन रबरांना भेगा, हबमध्ये काळी पूड. बेअरिंग ठीक वाटतं.

म्हणजे गॅरेजवाला बरोबर होता?

चेनकाका
अर्धा बरोबर. नुसतं किट टाकलं असतंस तर 'कट-कट' तशीच राहिली असती आणि तू नवीन चेन परत करायला गेला असतास. किट आणि रबर दोन्ही टाक. रबर सेटनंच, चारही. दोन नवी, दोन जुनी बसवलीस तर सगळा मार नव्यांवर येतो.

बसवताना एवढं बघ:

पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन असतानाच सैल कर, गाडी गिअरमध्ये आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांग. चेन काढल्यावर स्प्रॉकेट नुसतं गरागरा फिरतं.

नव्या चेनचे जोड जुनीएवढेच आहेत का मोज. मॉडेल एकच असलं तरी वर्षागणिक स्प्रॉकेटचे दात बदलतात, पार्टवाल्याला वर्ष सांग.

चेनची टोकं जोडणारी लॉक क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडं. वरच्या पट्ट्यात इंजिनकडं, खालच्या पट्ट्यात मागच्या चाकाकडं. उलटी बसली आणि काही घासलं की क्लिप उडते. रिव्हेटवाली असेल तर हातोडीनं ठोकू नको, रिव्हेट टूल असलेल्याकडंच जा.

ताण नेहमी घट्ट जागी धरून लाव. ढिल्या जागी लावलास की घट्ट जागा तारेसारखी होते आणि मागं माणूस बसून सस्पेन्शन दबलं की चेन अजून आवळते. मग गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील रडतं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव. खुणांवर भरवसा नसेल तर स्विंग आर्मच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंत दोन्हीकडं टेपनं मोज. नट मॅन्युअलातल्या टॉर्कला आवळ, नवीन स्प्लिट पिन घाल आणि आवळल्यावर ताण परत मोज, कारण नट आवळताना तो बदलतो.

कराड_५०_एस
काका एक विसरले. मागं ड्रम आहे, चाक मागं सरकवलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. पॅडलचा मोकळा खेळ परत लावायचा, साधारण २० ते ३० मिमी. विसरलं की ब्रेकचं लायनर घासत राहतं, ड्रम तापतो आणि घाटात नेमका ब्रेक कमी लागतो. चाक हातानं फिरवून बघ, मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विचपण बघ.

पुढं डिस्क असणारच. डॉट ४ ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदल. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी प्यायलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. न्यूट्रलला उतरून नुसत्या ब्रेकवर घाट काढणाऱ्यांची लिव्हर मऊ पडते ती यामुळंच. ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर.

मिरज_एक्सप्रेस_१०
आणि चेन धुवायला घासलेट नाहीतर चेन क्लीनर, मऊ ब्रश. पुसून कोरडी. मग ९० नंबरचं गिअर ऑइल, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं, रिंगांवर थेंब-थेंब. फिरून आल्यावर चेन कोमट असताना लाव आणि रात्रभर ठेव. एरवी ५०० किमीला, पावसात भिजली की त्याच संध्याकाळी.

चेनकाका
गिअर ऑइल रिमभर उडतं. वॅक्स स्प्रेला रेती कमी चिकटते.

मिरज_एक्सप्रेस_१०
काका, एका डब्याच्या पैशात वर्षभराचं गिअर ऑइल येतं, उरलेल्यात भडंग. आणि आमच्याकडं रेती नाही, काळी माती. ती वाळली की मडगार्डमध्ये सिमेंट होते. वॅक्सवर बसली तर छिन्नीच आणा.

चेनकाका
हां, काळ्या मातीला गिअर ऑइल मान्य. कंदी पेढ्याच्या गावात वॅक्सच. मिटलं भांडण.

कराड_५०_एस
जॅकेटचं राहिलं. कासला जुलैत रेनकोट वरून. आतल्या लायनरनं अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यात थंड पडतं, दात वाजतात. रेनकोट एक माप मोठा, पिवळा नाहीतर केशरी. काळा घेऊ नको, धुक्यात दिसत नाही. हातमोजे बाहीच्या आत, नाहीतर बाहीवरचं पाणी सरळ मोज्यात. पँट बुटाच्या वरून.

जॅकेट घेताना पाठीचा खिसा उघडून बघ. बहुतेकांत नुसता स्पंज असतो. पाठीच्या गार्डवर ईएन १६२१-२ (युरोपचं गार्डचं मानक) आणि लेव्हल २ लिहिलेलं घे. लेव्हल १ मधनं सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंतचा मार पाठीपर्यंत पोचला तरी चालतो, लेव्हल २ ला ९ च. कोपर-खांद्याला ईएन १६२१-१. हेल्मेटच्या काचेला धुकं धरतं त्याला पिनलॉक, म्हणजे काचेच्या आतून बसणारी दुसरी पातळ काच. ते नसेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरडा पुसायचा, उतरून येईपर्यंत टिकतो. काळी काच घरी ठेव.

मिरज_एक्सप्रेस_१०
आमच्या बाजूला आलास तर रेनकोटला रिफ्लेक्टर लाव. आणि कारखाने सुरू झाले की अंधारात उसाच्या ट्रॉलीमागं अंतर ठेव, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागच्या लाइटचा पत्ता नसतो.

घाटवेडा_११
किट, चार रबर, स्प्लिट पिन, डॉट ४ आणि केशरी रेनकोट, यादी झाली. पेट्रोल आता फक्त टाकीत. रविवारी सकाळी सहाला पोवई नाका, पेढे माझ्याकडून.

चेनकाका
ये, पण पेढ्यांबरोबर पानेपण आण. नवीन चेन पहिल्या ५०० किमीत थोडी बसते, ताण परत लावावा लागतो. कासच्या चढाला लागायच्या आधी नाक्यावरच मोजू.