फोटो स्टुडिओच्या नॅससाठी जास्त टीबीडब्ल्यूची एसएसडी: सल्ला हवा

फोटोवाला_सांगली

नमस्कार. माझा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. स्टुडिओतल्या चार कप्प्यांच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीत) दोन हार्ड डिस्क मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावल्या आहेत, तिसऱ्या कप्प्यात चौदा महिन्यांपूर्वी घेतलेली १ टीबीची एक स्वस्त एसएसडी आहे आणि चौथा रिकामा आहे. चालू कामे एसएसडीवर ठेवून दोन संगणकांवरून थेट संपादन करतो, स्विच २.५ गिगाबिटचा आहे. अलीकडे एखाद्या लग्नाचा ३०० जीबी डेटा चढवायला घेतला, की पहिले चाळीसेक जीबी सेकंदाला २८० एमबीच्या वेगाने जातात आणि मग आकडा घसरून ८० वर येतो, तो शेवटपर्यंत तिथेच राहतो. दुकानदाराच्या मते डिस्क झिजली असून मी सर्वाधिक टीबीडब्ल्यूची (एकूण किती टीबी लेखनाची हमी आहे, तो आकडा) डिस्क घ्यावी. शिवाय स्टुडिओतल्या आठ कॅमेऱ्यांचे चित्रण सध्या हार्ड डिस्कवर होते, तिची घरघर रात्रभर चालू असते, म्हणून तेही एसएसडीवर आणायचा विचार आहे. कोणती डिस्क घ्यावी?

जुना_सिसॅडमिन

डिस्कचे नाव सुचवण्याआधी एक आकडा हवा आहे. नॅसवर एसएसएच (संगणकावरून नॅसला थेट आदेश देण्याची सोय) चालू करून त्या एसएसडीचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, काढा आणि आजवरचे एकूण लेखन सांगणाऱ्या २४१ क्रमांकाच्या ओळीत शेवटी काय लिहिले आहे ते इथे द्या. काही कंपन्या तो आकडा गीगाबाइटमध्ये देतात आणि काही ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, त्यामुळे जसाच्या तसा उतरवावा.

फोटोवाला_सांगली

११२ पासून सुरू होणारा बारा अंकी आकडा आहे, म्हणजे साधारण ११२ अब्ज.

जुना_सिसॅडमिन

म्हणजे सेक्टरच आहेत. ११२ अब्जांना ५१२ ने गुणले, तर सुमारे ५७ टीबी होतात. चौदा महिन्यांत ५७, म्हणजे वर्षाला जेमतेम ४९ आणि पाच वर्षांत २४५ टीबी. आता बाजाराकडे पाहा. वेस्टर्न डिजिटलची रेड एसए५०० ही नॅससाठीची साधी साटा (नेहमीच्या जुन्या जोडणीची) डिस्क १ टीबीला ६०० आणि २ टीबीला १३०० टीबीडब्ल्यूची हमी देते. तुमचा धंदा दुप्पट झाला तरी २ टीबीची डिस्क पाच वर्षांत निम्मीही खर्च होणार नाही. मिररमध्ये प्रत्येक डिस्कवर सगळे लेखन पूर्णच होते, भार निम्मा होत नाही, हे धरूनही हिशेब हाच राहतो.

मग वेग का घसरतो? तुमची डिस्क बहुधा क्यूएलसी आहे. अशा डिस्कचा काही भाग एका पेशीत एकच बिट साठवून झटपट लेखन स्वीकारतो. तो भाग भरला, की एका पेशीत चार बिट कोंबण्याचे संथ काम उघडे पडते. चाळीस जीबीनंतरची घसरण ती हीच, आणि नव्या डिस्कवरही ती पहिल्याच दिवशी दिसली असती. त्याला झीज म्हणणे चूक आहे. तुम्हाला हवी आहे ती चांगली टीएलसी (एका पेशीत तीन बिटांची) डिस्क, जी ३०० जीबी सलग लिहितानाही दमत नाही. २.५ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला २८०-२९० एमबीच्या वर काही जाणार नाही, त्यामुळे एनव्हीएमई या साटाहून वेगवान प्रकारच्या डिस्कच्या हजारांतल्या वेगासाठी पैसे घालू नयेत.

कॅमेऱ्यांचा बेत मात्र सोडून द्यावा. प्रत्येकी ४ मेगाबिटचे आठ कॅमेरे म्हणजे सेकंदाला ४ एमबी, दिवसाला सुमारे ३४५ जीबी, वर्षाला १२६ टीबी! तुमच्या साऱ्या लग्नांच्या अडीचपट लेखन केवळ रिकामा जिना टिपण्यासाठी होईल. घरघर नकोशी होत असेल, तर नॅसखाली रबराचे तुकडे ठेवा किंवा तो शेजारच्या खोलीत हलवा. हार्ड डिस्कला असे सलग लेखन मुळीच जड जात नाही.

फोंड्याचा_राजू

वरच्या हिशेबाशी सहमत आहे, पण एक गोष्ट राहिली. आमच्या कार्यालयात दोन एसएसडींचा रीड-राइट कॅशे होता, म्हणजे लेखन आधी एसएसडीवर होऊन मग मागच्या हार्ड डिस्कवर उतरे. वळवाच्या पहिल्या पावसात वीज दोनदा गेली-आली आणि दोन्ही डिस्कवरचे न उतरलेले लेखन एकाच वेळी हरवले. कॅशेमागच्या हार्ड डिस्कवरचा साठाही (व्हॉल्यूम) त्यामुळे बिघडला. दोन्ही डिस्कचे आयुष्य तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक शिल्लक होते. घरगुती वापराच्या आणि नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक डिस्कमध्ये वीज जाताच हातचे लेखन पूर्ण करून देणारे कपॅसिटर नसतात. सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये असतात, उदाहरणार्थ किंग्स्टनच्या डीसी६००एममध्ये, जिची ९६० जीबीची आवृत्ती १७५२ टीबीडब्ल्यूची आहे. दुकानदार म्हणतो तशी जास्त टीबीडब्ल्यूची सर्व्हर डिस्क घ्यायचीच असेल, तर ती कपॅसिटरसाठी घ्यावी. तेवढा खर्च नको असेल, तर यूएसबी तार असलेला यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. घरच्या इन्व्हर्टरला ही तार नसते.

मितभाषी

कमी वापरलेल्या जुन्या सर्व्हर डिस्क स्वस्तात मिळतात, त्यांचाही विचार व्हावा.

जुना_सिसॅडमिन

स्मार्ट अहवाल आधी पाहायला मिळत असेल, तरच. आणखी एक: काम संपलेली लग्ने जुन्या एसएसडीवर टाकून ती कपाटात ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार ग्राहक वर्गातील डिस्कने हमीतले सगळे लेखन संपल्यानंतर विजेशिवाय, ३० अंश तापमानात, एक वर्ष डेटा टिकवणे अपेक्षित आहे. सर्व्हर वर्गासाठी ४० अंशांत केवळ तीन महिने. तुमची डिस्क इतकी झिजलेली नाही, हे खरे, पण सांगलीच्या उन्हाळ्यात बंद कपाटात काय तापमान असते ते तुम्हाला माहीत आहे. नवरानवरीने पाच वर्षांनी फोटो मागितले, तर ते हार्ड डिस्कवरच असलेले बरे.

फोटोवाला_सांगली

सर्वांचे आभार. २ टीबीच्या दोन टीएलसी साटा डिस्क मिरर करून आणि सोबत यूपीएस, असे ठरवतो आहे. कॅमेरे आहेत तिथेच राहतील. शेवटची शंका: दोन्ही डिस्क एकाच दुकानातून घेतल्या तर चालेल का?

फोंड्याचा_राजू

दुकान एक असले तरी चालेल, पण एकाच खोक्यातल्या लागोपाठच्या क्रमांकांच्या घेऊ नका. शक्य असल्यास दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या; एकाच फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या) चुकीने दोन्ही एकाच दिवशी बसणार नाहीत. फक्त दोन्हींची नेमकी क्षमता पाहून घ्या. मिरर लहान डिस्कच्या मापानेच बनतो.