मदत हवी आहे: अंकासाठी सर्रीअल + जुन्या आठवणींवाली चित्रं

घाईतली_घार: कॉलेजच्या अंकाची सजावट माझ्या गळ्यात पडलीय. विषय ‘परत न येणारी दुपार’. स्वप्नातल्यासारखं, जरा विचित्र, तरी बघून आत काहीतरी हलेल असं हवंय. सर्च केलं की वितळलेली घड्याळंच येतात, वैताग आलाय. परवा दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

जुनी_शाई: छापील की पीडीएफ? रंगीत? चित्रं नुसती बघायचीत की तीच छापायचीत? काहीच सांगितलं नाहीस.

रिकामटेकडा: घड्याळांना नावं ठेवू नका हां. चित्रकार दालीचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र १९३१ चं, आणि आहे केवढं तर २४ बाय ३३ सेंटिमीटर! मला आपलं वाटायचं भिंतभर असेल.

जुनी_शाई: बरं, मग तिने काय करायचं त्याचं?

कात्री_डिंक: दे किरिको हा इटालियन चित्रकार बघ. १९१४ चं एक चित्र आहे त्याचं, रिकामा रस्ता, कमानी, रिंग पळवणारी मुलगी आणि वळणापलीकडून कुणाचीतरी नुसती सावली आलीय. माणूस दिसतच नाही. काही घडत नाही त्यात पण सुट्टीतली दुपार कशी अंगावर यायची ते बरोब्बर आठवतं. आणि कोलाज कर, मॅक्स अर्न्स्टने जुन्या पुस्तकांतली खोदचित्रं कापून चिकटवूनच कमाल केलीय.

प्रॉम्प्टपंडित: कात्रीबित्री कशाला, एआयला सांगा, दोन मिनिटांत वीस चित्रं.

कात्री_डिंक: हो, आणि वीसही चित्रांत तीच पिवळट संध्याकाळ, तीच पाठमोरी मुलगी.

प्रॉम्प्टपंडित: तुम्हाला वापरता येत नाही त्याला मी काय करू.

टंकमित्र: शीर्षकाला फॉन्ट निवडताना जोडाक्षरं तपासून घ्या, ‘द्ध’ आणि ‘ट्र’ला बरेच फॉन्ट माती खातात.

घाईतली_घार: फॉन्टचं विचारलंच नाहीये मी 😐 आणि छापील आहे, आतली पानं ब्लॅक अँड व्हाइट, फक्त कव्हर रंगीत.

जुनी_शाई: अगं हे आधी सांगायचं ना! मग चित्रकार माग्रितचं निळं आकाश वगैरे आतल्या पानांसाठी विसर, करड्या रंगात सगळं सपाट होतं. ओदिलों रदों हा फ्रेंच चित्रकार बघ, कोळसा आणि लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली चित्रं), मुळातच काळंपांढरं काम. १८८२ चं एक आहे, त्यात बलून म्हणजे एक अख्खा डोळाच आहे, वर बघत चाललेला. तो १९१६ ला गेला, त्यामुळे कॉपीराइट संपलाय. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर ‘पब्लिक डोमेन’ (म्हणजे कॉपीराइट नसलेली) अशी खूण असलेलीच चित्रं उतरव. किरिको गेला १९७८ ला, तो फक्त बघायचा, छापायचा नाही.

रिकामटेकडा: मृत्यूनंतर ६० वर्षं ना?

जुनी_शाई: भारतात ६०, बऱ्याच देशांत ७०. किरिको दोन्हीकडे अडकतो.

घाईतली_घार: रदों बघितला. भारीये, पण भीती वाटते, आठवण नाही येत.

कात्री_डिंक: आठवण त्याच्याकडे कशी असणार, ती तुझ्याच कपाटात असते. आमच्या अंकाला मी माझी शाळेतली कंपासपेटी उघडी ठेवली, बाजूने टेबललॅम्प मारला, झाकणाची सावली पानभर लांब पडली आणि आत कर्कटकाच्या जागी फोटोतून कापलेली एक छोटीशी खिडकी चिकटवली. झालं. फोटो ३०० डीपीआयला (छपाईत एका इंचात ३०० ठिपके) बसेल एवढा मोठा काढ फक्त.

घाईतली_घार: थांबा, माझी पण सापडली!! आत खोडरबराचा चुरा तसाच आहे आणि झाकणावर कर्कटकाने नाव कोरलंय, माझं नाहीच ते. कुणाची उचलून आणली होती मी देव जाणे. हेच कव्हर.

टंकमित्र: मस्त. मग फॉन्टचं काय ठरलं?