मेंदूतली गाठ: झटपट कॉन्ट्रास्ट एमआरआय पुरे की नाही?

शांतनिळा: मेंदूतल्या गाठीच्या प्रत्येक फेरतपासणीला पेशंटला अर्धा-पाऊण तास मशीनमध्ये झोपवून ठेवायची गरज नाही, असं माझं मत. १९८६ मध्ये फ्लॅश आलं, पुढे पॅरलल इमेजिंग, कॉम्प्रेस्ड सेन्सिंग; सगळ्या एमआरआय पटापट उरकायच्या युक्त्या. आता कॉन्ट्रास्ट (गाठ चित्रात चमकून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन मोजके सिक्वेन्स (एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) काढले की काम भागतं. मग जुनी लांबलचक यादी कशाला?

रात्रपाळी: मशीन पळेल हो, कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम पळत नाही. शिरेतून दिल्यावर ते गाठीत झिरपायला वेळ लागतो. म्हणून टी-१ (ज्या चित्रात ही चमक दिसते) साधारण ४ ते ८ मिनिटांनी घेतात. घाई केली तर बारीक मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरून आलेली गाठ) फिकट दिसेल, कदाचित सुटेलही.

शांतनिळा: त्या मिनिटांत टी-२ हा दुसरा सिक्वेन्स उरकायचा! हात बांधून बसा असं कुठे म्हटलं?

सूक्ष्मदर्शी: वेळेवरून काय भांडताय? चमकतं ते सगळं गाठ नसतं, मुद्दा तो आहे. गॅडोलिनियमला कॅन्सरची पेशी ओळखता येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडथळा जिथे फुटलाय तिथे ते गळतं, एवढंच. रेडिएशननंतर, विशेषतः पहिल्या १२ आठवड्यांत, गाठ न वाढताही चमक वाढू शकते (स्यूडोप्रोग्रेशन). उलट बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांवरचं औषध) दिलं की गळती थांबून चमक विझते, गाठ मात्र आत असू शकते. फक्त चमक मोजून औषध बदललंत तर चांगला चाललेला उपचार बंद पडेल. डिफ्यूजन (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारं), परफ्यूजन (रक्तपुरवठा दाखवणारं) हवंच.

शांतनिळा: घ्या की. परफ्यूजन त्याच इंजेक्शनच्या वेळी, दोनेक मिनिटांत होतं. डिफ्यूजनलाही फार वेळ लागत नाही. माझा झटपट प्रोटोकॉल मोडला कुठे?

तिरकस: आणि दर वेळी कॉन्ट्रास्टच का? मेंदूत गॅडोलिनियमचे अंश साठतात हे २०१४ पासून चर्चेत आहे; युरोपात २०१७ मध्ये बऱ्याच लिनिअर (गॅडोलिनियम सैल धरून ठेवणाऱ्या) औषधांवर बंदीही आली. न चमकणारा लो-ग्रेड ग्लायोमा (मेंदूतली हळू वाढणारी गाठ) तर मुख्यतः फ्लेअर या कॉन्ट्रास्टशिवायच्या सिक्वेन्सवरच मोजायचा असतो.

रात्रपाळी: हो, पण तोच ग्लायोमा उद्या चमकायला लागला तर? बिघडल्याची ती एक खूण आहे, आणि कॉन्ट्रास्टशिवाय ती कळणार नाही.

टेक्निशियन_मी: तुम्ही सगळे पेशंट निवांत पडून राहतो असं धरून चाललाय. डोकं ठणकतंय, ओकारी येतेय, वीस मिनिटांनी तो हलतोच. शेवटी ठेवलेला कॉन्ट्रास्टनंतरचा टी-१ नेमका तेव्हाच बिघडतो. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी एकदा कन्सोलवर येऊन बसा, मग यादी वाढवा.

सूक्ष्मदर्शी: हे मान्य. पण छाटायचंच तर आधी काय छाटाल ते सांगा. डिफ्यूजनला हात लावू देणार नाही.