बंदूक दिसते कशी यावर कायदा, की ती करते काय यावर? (कॅनडावासी, या जरा)

कॅल्गरीकर (धागाकर्ता)

परवा इथल्याच एका लेखात वाचलं: "कॅनडाने 2020 साली बंदुकांवर बंदी घातली, त्यामुळे आता ज्याच्या घरात बंदूक आहे तो गुन्हेगारच समजावा." खाली सगळी वाहवा. माझ्या घरात बंदूक आहे. कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळी. हिवाळ्याआधी हरणाच्या शिकारीला जातो आणि ते मांस आम्ही घरी खातो. परवान्याच्या अर्जावर बायकोची सही आहे. ती नसती तर खात्याने तिला कळवलं असतं. माझं नाव आजही रोज पोलिसांच्या यंत्रणेत तपासलं जातं. तेव्हा गुन्हेगार म्हणण्याआधी निदान कायदा वाचा.

सरसकट बंदी कधीच नव्हती. फौजदारी संहितेचं कलम 84 तीन वर्ग करतं: प्रोहिबिटेड (बंदी असलेल्या), रिस्ट्रिक्टेड (जादा अटींच्या) आणि उरलेल्या नॉन-रिस्ट्रिक्टेड. यातला अर्धा भाग मापांचा आहे. पिस्तुलाची नळी 105 मिमी किंवा कमी असेल तर प्रोहिबिटेड. सेमी-ऑटो (दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाणारी) सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी) रायफलची नळी 470 मिमीपेक्षा कमी असेल किंवा बंदूक दुमडून 660 मिमीच्या आत येत असेल तर रिस्ट्रिक्टेड. जे कोटाखाली लपतं ते जास्त धोक्याचं, हे तर्काला धरून आहे. मला मान्य आहे.

माझा राग उरलेल्या अर्ध्यावर आहे, म्हणजे नावांच्या यादीवर. 1 मे 2020 ला संसदेत मतदान न घेता एका आदेशाने सुमारे 1500 मॉडेलं प्रोहिबिटेड झाली. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 324. यादीत "व्हेरिअंट" (त्याच मॉडेलचं दुसरं रूप) असा शब्द आहे आणि त्याची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. ती ठरवतात आरसीएमपीचे, म्हणजे केंद्रीय पोलिसांचे, तंत्रज्ञ. 2014 च्या फेब्रुवारीत याच पद्धतीने सीझेड 858 आणि स्विस आर्म्सच्या रायफली कपाटात पडल्या पडल्या प्रोहिबिटेड झाल्या होत्या. मालकांनी काहीही केलेलं नव्हतं. बुलपप दस्ता (ज्यात बंदुकीचं यंत्र चापाच्या मागे बसतं) सुटा घेतलात तर ते प्रोहिबिटेड उपकरण, पण कारखान्यातून बंदूकच तशी घडून आली तर तो नियम तिला लागत नाही. यात सुरक्षा कुठे आहे ते कोणीतरी मला समजावून सांगा.

मॉन्ट्रियलची_मुक्ता

समजावते. दर 6 डिसेंबरला इथे माउंट रॉयलवर आकाशात 14 झोत सोडतात. 1989 मध्ये इथल्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी कॉलेजात गोळीबारात मारल्या गेलेल्या 14 बायकांसाठी. माझी मुलगी आज अभियांत्रिकी शिकते आहे. त्या झोतांखाली उभं राहून तिचा हात धरला की "माझ्या कपाटातली रायफल" हा विषय माझ्यासाठी फार लहान होतो.

आता तुमच्या मापांबद्दल. त्या दिवशी वापरलेली रुगर मिनी-14 दिसायला शेतावरची साधी रायफल. तुमच्या सगळ्या मापांतून ती आरामात पास होत होती. त्या हत्याकांडानंतर 1991 चा कायदा आला, 1995 चा आला, आणि तरीही ती रायफल तीस वर्षं नॉन-रिस्ट्रिक्टेड राहिली! तिला हात लावला तो तुम्ही नावं ठेवताय त्या 2020 च्या यादीने. माप चुकलं म्हणून नाव लिहावं लागलं.

कॅल्गरीकर

ताई, त्या मुलींबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथे लिहून दाखवायची गरज वाटत नाही. पण 2020 चा आदेश निघाला तो नोव्हा स्कोशियात एका माणसाने 22 बळी घेतल्यानंतर. त्या माणसाकडे परवानाच नव्हता. त्याच्या बहुतेक बंदुका अमेरिकेतून, मेनमधून चोरट्या मार्गाने आलेल्या. त्याच्याबद्दल लोकांनी पोलिसांना आधी सांगितलं होतं, हे चौकशी आयोगासमोर आलं आहे. पोलीस हलले नाहीत आणि शिक्षा मला.

मॉन्ट्रियलची_मुक्ता

आणि 2017 मध्ये क्वेबेक सिटीच्या मशिदीत नमाज संपताना 6 माणसं मारणारा? त्याच्याकडे परवाना होता. दहा-दहा गोळ्यांची, कायद्यात बसणारी पिस्तुलाची मॅगझिनं (गोळ्या भरायच्या पेट्या) होती. "परवानाधारक म्हणजे सज्जन" हे गृहीतक तिथे मेलं.

प्रेअरीतला_पाटील

सस्कॅचेवानमध्ये शेतावर काम करतो. 'उपकरणं' हा विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. कोयोटी वासरांवर येतात, बंदूक चालवावी लागते. माझा उजवा कान आता रात्रंदिवस वाजतो. फिनलंड-नॉर्वेत शिकारी सायलेन्सर लावतात, इथे तो प्रोहिबिटेड डिव्हाइस. नुसता बाळगला तरी दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. आवाज पूर्ण बंद होत नाही हो त्याने, कान वाचतो फक्त. ओटावात बसून नियम करणाऱ्यांनी एक हंगाम इथे काढावा.

आणि ती लाँग-गन रजिस्ट्री, म्हणजे रायफली-शॉटगनांची सक्तीची नोंदणी. निव्वळ खर्च 20 लाख डॉलर होईल म्हणाले होते. 2002 मध्ये महालेखापालांनीच सांगितलं की आकडा 100 कोटींच्या वर जातोय. 2012 मध्ये बंद केली. आमचा विश्वास तिथेच उडालाय.

मिसिसागाची_सई

थोडं अवांतर, पण याच कायद्यातलं आहे. आमच्या मंडळाच्या शिवजयंतीसाठी मी पुण्याहून पितळी वाघनखं आणि एक शोभेची कट्यार आणली. विमानतळावर दोन्ही काढून घेतली. तिथला माणूस म्हणाला, प्रोहिबिटेड वेपन. धार नव्हती हो कशालाच! अफझलखान वधाचा प्रवेश मुलांनी शेवटी पुठ्ठ्याच्या वाघनखांवर केला. 2024 मध्ये लंडनची वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा सारा महाराष्ट्र बघायला गेला आणि इथे मी तस्कर ठरले. अजून रडू येतं.

ओटावाचा_ओक

सईताई, वाईट वाटलं, पण नियम स्पष्ट आहे. बोटं घालायला भोकं असलेली धातूची पट्टी म्हणजे ब्रास नकल्स किंवा तत्सम. मूठ पात्याला आडवी असेल तर पुश-डॅगर. कट्यार तंतोतंत तीच. धारेचा उल्लेखच नाही.

मिसिसागाची_सई

वाघनखांची पट्टी तळहातात असते, बोटांवर नाही. ठोसा मारायची वस्तू नाही ती. आणि त्याच पुश-डॅगरच्या नियमात उत्तरेकडच्या मूळनिवासी इन्युइट बायकांचं उलू (एक सुरी) वगळलंय, तिथे मूठ कशी चालते? शिखांच्या कृपाणाला 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेतसुद्धा परवानगी दिली. आमचंच तेवढं कोणी विचारत नाही.

ओटावाचा_ओक

उलूने त्या बायका रोज कातडी साफ करतात, मासे कापतात. हजारो वर्षं त्यांचीच भूमी आहे. कृपाण हा त्या मुलाच्या श्रद्धेचा भाग होता, त्यासाठी घरचे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, आणि परवानगीही कपड्यांच्या आत शिवून बंद ठेवण्याच्या अटीवर मिळाली. तुमची कट्यार नाटकातली. बरोबरी कशी करता?

मिसिसागाची_सई

"नाटकातली"? महाराजांचा प्रसंग तुम्हाला नुसतं नाटक वाटतो? परदेशात वाढणाऱ्या मुलांना इतिहास हातात धरून दाखवायचा असतो. आडनाव ओक असून हे लिहिता, लाज वाटली पाहिजे.

ओटावाचा_ओक

आडनावावर येऊ नका. माझी मुलंही त्याच प्रवेशात काम करून मोठी झाली. लाकडी वाघनखांनी. इतिहास कमी झाला नाही त्यांचा.

कॅल्गरीकर

दोघेही थांबा. सईताईंचं दुःख माझ्याच मुद्द्याचं आहे: वस्तू काय इजा करते हे न बघता आकार बघून नाव चिकटवायचं. बंदुकांतही तेच. मोसबर्गची ब्लेझ .22, ससे मारायची. तिलाच एके-47 सारखं प्लास्टिक चढवलं की आरसीएमपीच्या लेखी एकेचं व्हेरिअंट. आत यंत्र तेच, गोळी तीच! वर्गीकरण कामावरून करा, एवढंच मागतोय.

मॉन्ट्रियलची_मुक्ता

मग घ्या कामावरून. ती व्याख्या कायद्यात आहे. 15 डिसेंबर 2023 च्या सी-21 या बंदूक कायद्यामध्ये: हँडगन नाही, सेमी-ऑटो, सेंटरफायर, मॅगझिन सुटं आणि मुळात सहा किंवा जास्त गोळ्यांचं, तर प्रोहिबिटेड. रंग, प्लास्टिक, नाव यांचा संबंध नाही. फक्त ती त्या तारखेनंतर रचलेल्या आणि बनवलेल्या बंदुकांनाच लागू आहे, कारण जुन्यांना लावायचं म्हटलं की तुमच्याच संघटना रस्त्यावर येतात. जुन्यांना लावूया? मग यादी फाडून टाकायला मी तुमच्याबरोबर येते.

प्रेअरीतला_पाटील

लावा म्हणणं सोपं आहे. 2022 च्या नोव्हेंबरात सी-21 च्या मसुद्यात तसंच कलम घुसवलं होतं, त्याच्या यादीत एसकेएस ही सेमी-ऑटो रायफल होती. उत्तरेकडचे आदिवासी शिकारी तिच्यावर घर चालवतात. फेब्रुवारीत मागे घ्यावं लागलं.

मॉन्ट्रियलची_मुक्ता

एसकेएसचं मूळ मॅगझिन सुटं नसतं. या व्याख्येत ती बसतच नाही. ती त्यांच्या यादीत होती, माझ्या व्याख्येत नाही.

कॅल्गरीकर

...हे खरं आहे. माझी शिकारीची रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळी हाताने भरायची), तीही बसत नाही. क्लबातल्या मित्रांच्या जातील आणि ते मला फोन करून झापतील. तरीही, कामावर बेतलेली एकच व्याख्या, संसदेत चर्चा करून, भरपाई देऊन, आणि "व्हेरिअंट" शब्द कायमचा काढून: याला मी नाही म्हणू शकत नाही. मनापासून नाही, पण हो. मिनी-14 बद्दलही उत्तर नाही माझ्याकडे. तुमचा तो मुद्दा खोडता येत नाही.

मॉन्ट्रियलची_मुक्ता

आणि घरात बंदूक असणारा प्रत्येक जण गुन्हेगार नाही, हे मीही लिहून देते. तो लेख माझा नव्हता, पण वाहवा करणाऱ्यांत मी होते.

प्रेअरीतला_पाटील

सायलेन्सरचं कोणी बोललंच नाही.

मिसिसागाची_सई

लाकडी वाघनखं कुणाकडे बनवून घेतलीत, ओक? मेसेज करा. रागावलेली आहे अजून, पण पुढच्या शिवजयंतीला हवी आहेत.