'व्यतिकरण' की 'व्यत्यय'? आणि शक्तीचं 'वाटप' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : टेलिफोनच्या तारांवरून चालणाऱ्या ब्रॉडबँडवर मराठीत टिपण लिहिते आहे. मथळ्याचा खर्डा असा : 'शक्तिवाटपाच्या इष्टतमीकरणाद्वारे व्यतिकरण घटवणे'. म्हणायचं आहे ते असं : सिग्नलची शक्ती (पॉवर) सर्वांत चांगल्या रीतीने वाटून इंटरफिअरन्स कमी करणे. शब्द कोशातले आहेत, पण अर्थ पोचेल असं वाटत नाही. कृपया सुचवा.

प्रतिसाद १ : 'व्यतिकरण' आधी काढा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजळ-काळे पट्टे उमटतात त्यासाठी रुळला आहे. इथे तांब्याच्या तारांच्या अनेक जोड्या एकाच केबलमधून जातात आणि एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो. त्याला सगळे 'क्रॉसटॉक'च म्हणतात, तेच ठेवा. सर्वसाधारण अर्थ हवा तिथे 'व्यत्यय' पुरतो.

'वाटप'बद्दलचा माझा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाटप म्हटलं की एकाची शक्ती काढून दुसऱ्याला दिली, असंच कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात प्रत्येक लाइनची, म्हणजे एकेका ग्राहकाच्या तारजोडीची, कमाल शक्ती तिची तिची ठरलेली असते. ती कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती खर्चायची, एवढंच ठरवायचं असतं. एडीएसएल या टेलिफोनच्या तारांवरच्या ब्रॉडबँड तंत्रात १.१०४ मेगाहर्ट्झपर्यंतचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या 'टोन'मध्ये विभागलेला असतो. एखाद्या टोनवर एक बिट जास्त चढवायचा तर तिथली शक्ती साधारण दुप्पट करावी लागते, आणि त्या टोनवर शेजाऱ्याकडे झिरपणारी शक्तीही दुप्पट होते. म्हणून 'शक्तीची टोनवार विभागणी' म्हणा.

प्रश्नकर्ती : विभागणी पटली. पण 'इष्टतम' कोणासाठी? प्रत्येक लाइनने आपापलं बघितलं तर?

प्रतिसाद १ : या विषयातला सगळा वाद तिथेच आहे. २००२ साली यू, गिनिस आणि सिऑफी या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक लाइन खरोखरच आपापलं बघते. तिला 'वॉटरफिलिंग' म्हणतात : खडबडीत तळाच्या भांड्यात पाणी ओतलं की खोलगट जागी जास्त साचतं, तशी गोंगाट कमी असलेल्या टोनवर शक्ती जास्त जाते. शेजाऱ्यांचा क्रॉसटॉक हाही गोंगाटच धरायचा, आणि एकामागून एक लाइनने ही विभागणी पुन्हापुन्हा करत राहायचं, सगळं स्थिरावेपर्यंत.

पण एक लाइन लांबच्या एक्स्चेंजवरून आणि दुसरी जवळच्या कॅबिनेटमधून (रस्त्याकडेच्या जोडणीपेटीतून) येऊन एकाच केबलमध्ये शिरली की पंचाईत होते. लांबच्या लाइनचे वरचे टोन वाटेतच क्षीण होतात, तिची सगळी भिस्त खालच्या टोनवर. जवळचीने तेच टोन जोरात वापरले तर लांबची पार दबते. जवळचीला वरचे टोन मोकळे असतात, तिने खालचे सोडावेत हे रास्त. पण स्वतःपुरतं बघणाऱ्या पद्धतीत हे पुरेसं घडत नाही. नंतरच्या 'स्पेक्ट्रम बॅलन्सिंग' पद्धतींत दुसऱ्याचं होणारं नुकसानही हिशोबात धरतात. गणित अवघड होतं, पण लांबच्या ग्राहकाला न्याय मिळतो. तेव्हा नुसतं 'इष्टतम' लिहू नका; 'सर्व लाइनच्या एकत्रित हिताची विभागणी' असं उलगडून लिहा. लांबलचक झालं तरी चालेल.

प्रतिसाद २ : 'घटवणे' मात्र बदलू नका. २०१० च्या जी.९९३.५ या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानकातल्या 'व्हेक्टरिंग'मध्ये सगळ्या लाइनचे सिग्नल एक्स्चेंजच्या बाजूला एकत्र हाताळून क्रॉसटॉक रद्दच करतात. तिथे 'निरसन' योग्य. शक्तीच्या विभागणीने क्रॉसटॉक नाहीसा होत नाही, तो जिथे कमी बोचेल तिथे सरकवला जातो. दोन्हींना 'व्यत्यय-निवारण' म्हटलं तर हा फरकच पुसला जाईल.